एक दिवस द्या

वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी भरायचा. पाणीसंस्थेच्या गोदामाला लागून एक लांबोळी खोली होती, पूर्वी तिथे खताची पोती ठेवत. दोन वर्षं झाली तरी भिंतींचा वास गेला नव्हता. पाच मुलं, एक सतरंजी आणि शहरातून बसने येणाऱ्या बाई. पाटकऱ्याची मुलगी त्या पाचांतली एक.

पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा, बंद करणारा माणूस. त्याची मुलगी आठ वर्षांची होती. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण चालायला लागल्यापासून ती स्वतःभोवती फिरायची, आणि एवढं फिरून तिला चक्कर कशी येत नाही हे तिच्या आजीला कोडं होतं. ती बोलत नसे. वर्गात दोन वर्षं काढल्यावर आता तहान लागली की गळ्यातल्या पिशवीतून पेल्याचं चित्र काढून आईच्या हातात ठेवायची. एवढंच. पण त्याआधी तहान लागली की ती भिंतीवर डोकं आपटायची, आणि हे आपटणं तहानेचं की पोटदुखीचं की आणखी कशाचं, हे कळेपर्यंत घरातल्या तिघांचा जीव अर्धा होऊन जायचा. त्यामुळे बाईंनी दिलेलं ते चित्र या घरात फार मोठी गोष्ट होती.

एका शुक्रवारी वर्ग सुटल्यावर बाईंनी पालकांना थांबवून घेतलं.

"आमच्या संस्थेला देणगी देणारे होते, ते थांबले," त्या म्हणाल्या. "निम्मा खर्च संस्था कसाबसा उचलेल. निम्मा इथून उभा राहिला तर वर्ग चालेल. नाही तर महिनाअखेरीस बंद."

जुळ्यांचा बाप, जो रस्त्यावर सायकली दुरुस्त करायचा, नखातलं काळं वंगण कोरत राहिला. त्याची दोन्ही मुलं याच वर्गात होती.

"इथून म्हणजे कुठून?" शेवटी तो म्हणाला.

"गावातून."

"गावाला माहीत तरी आहे का, इथे काय चालतं ते?"

माहीत नव्हतं. 'वेड्यांची शाळा' म्हणत लोक. वाईट हेतूने नव्हे, दुसरा शब्द नव्हता म्हणून.

पाटकरी चेअरमनकडे गेला. चेअरमन पाणीसंस्थेचा, गावात पाणी त्याच्या शब्दावर आणि पाटकऱ्याच्या हाताने फिरायचं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कान कोरत विचारलं, "आजाराचं नाव काय म्हणालास?"

"ऑटिझम. स्वमग्नता म्हणतात. आजार नाही म्हणतात बाई."

"ऑटो काय, रिक्षा काय, लोकांना काय कळणार? नुसतं बोलून पैसा निघत नाही. परवा वार्षिक सभा आहे. मुलीला आण. स्टेजवर उभी कर. लोकांना डोळ्यांनी दिसू दे, हात आपोआप खिशात जातील."

पाटकरी घुटमळला. "तिला गर्दी सोसत नाही."

"पाच मिनिटांचं काम. तुला वर्ग पाहिजे की नको?"

पाटकऱ्याची बायको सभेच्या दिवशी गोदामात पोती शिवायला गेली होती. दाभणाने आणि सुतळीने तोंडं शिवायची, दिवसाला शेदीडशे पोती. तिला पाटकऱ्याने सांगितलं, "भिंगरीला सभेला नेतो." स्टेजचं बोलला नाही.

मंडपात दोनशे माणसं होती आणि पत्र्याचे दोन पंखे खडखडत होते. चेअरमनने नाव पुकारलं तेव्हा पाटकऱ्याने मुलीला कडेवर घेतलं, वर नेलं आणि लाकडी फळ्यांवर उभं केलं. माइकने कर्कश शीळ घातली. भिंगरीने दोन्ही कान दाबले. मग ती ओरडली, आणि तिचं ओरडणं माइकमधून दुप्पट होऊन तिच्याच कानात परत आलं. तिने स्वतःचं मनगट चावलं. पाटकरी तिचा हात तोंडातून सोडवत होता, तेवढ्यात त्याला पायाशी ओल जाणवली. तिचा निळा झगा खालपर्यंत काळा पडला होता आणि फळ्यांवरून धार पुढे चालली होती.

एक बाई रडायला लागली. चेअरमनने माइक हातात घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बघितलंत? आता तुमच्या मनाला काय वाटतं ते टाका."

चादर फिरली. लोकांनी भरभरून टाकलं. पाटकऱ्याने एवढा पैसा एका जागी कधी पाहिला नव्हता. कारकुनाने नावं लिहून घेतली, चादरीचं गाठोडं बांधून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "नशीब काढलंस."

घरी आल्यावर बायकोने आधी मुलीचं मनगट बघितलं. दातांच्या खुणांत रक्त साकळलं होतं. मग तिने झगा काढला, बादलीत बुडवला. चुबकताना तिने सगळं विचारून घेतलं, एकेक करून, पोलिसासारखं. कुठे उभी केली? किती वेळ? कोण कोण होतं? पाटकरी उत्तरं देत गेला. गाठोडं खाटेवर होतं.

"दिलेत ना लोकांनी?" आजी म्हणाली. "मग झालं की. पोर काय, विसरेल."

बायकोने झगा पिळला. "ते वर्गासाठी नाही दिले," ती म्हणाली. "ते या झग्यासाठी दिले."

वाळत घातलेल्या झग्यातून पाणी गळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने पिशवीतून चित्र बाहेर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा भिंतीशी गेली. आईने पिशवीतून पेल्याचं चित्र काढून तिच्यापुढे धरलं. तिने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोकं आपटण्याचा आवाज एकसारखा यायचा, जसं कोणी शेजारच्या घरात काही कुटतंय. पाटकरी मधे तळहात घालून बसला. तिचं कपाळ त्याच्या हातावर आदळत राहिलं. हात सुजला.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने गाठोडं उचललं, कारकुनाकडून यादी मागून घेतली आणि बाहेर पडला.

पहिलं दार दुकानदाराचं. पाटकऱ्याने त्याची रक्कम काउंटरवर ठेवली.

"हे काय?"

"तुमचे पैसे. परत."

"मी काय भीक घातली का तुला?" दुकानदाराचा आवाज चढला. गिऱ्हाइकं बघायला लागली.

"नाही," पाटकरी म्हणाला. "पण मी मागितली."

असं तो दारोदार फिरला. मागताना कोणी इतकं रागावलं नव्हतं, जेवढं परत देताना रागावलं. कोणाला वाटलं, कमी दिले म्हणून हा टोमणा. कोणाला वाटलं, पाटकरी शेफारला. सभेत रडलेल्या बाईने दार लावून घेतलं आणि आतून म्हणाली, "उंबऱ्यावर ठेव आणि जा." त्याने ठेवले. पाठ घामाने भिजली होती आणि अपमान कोणाचा होतोय, आपला की त्यांचा, हे त्याला धड कळत नव्हतं.

जुळ्यांच्या बापाने मात्र पाना खाली टाकला आणि त्याची कॉलर धरली.

"वर्ग तुझ्या एकट्याच्या पोरीचा आहे? माझी दोन आहेत. दोन! काल मोठा पहिल्यांदा माझ्या मांडीवर येऊन बसला, स्वतःहून. सात वर्षांत पहिल्यांदा. आणि तू तुझ्या इज्जतीपायी पैसे वाटत सुटलास?"

पाटकरी म्हणाला, "तुझी दोन नेली असती का तू स्टेजवर?"

जुळ्यांच्या बापाने कॉलर सोडली. "नेली असती," तो म्हणाला. पण त्याने पाना उचलायला मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

बाईंना त्याने बसथांब्यावर गाठून सांगितलं. त्या ऐकताना चष्मा पुसत होत्या, नंतरही पुसतच राहिल्या.

"मला दोन महिने पगार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही केलंत ते चूक असं मी म्हणणार नाही. पण मी तुम्हाला शाबासकी नाही देऊ शकत."

"शाबासकीला नाही आलो, बाई."

"मग आता काय करणार?"

ते त्याला माहीत नव्हतं.

ते कळलं पाटाच्या शेवटच्या टोकाला. तिथल्या शेतकऱ्याचेही पैसे परत करायचे होते. तो बांधावर उकिडवा बसून कोरड्या पाटात बघत होता. त्यात पाणकणसाचं गवत पुरुषभर उंच माजलं होतं.

"पैसे घाल खड्ड्यात," शेतकरी म्हणाला. "पाट कधी साफ होणार ते सांग. बारा दिवसांवर पाणी आलं. मशीनवाल्याने भाव वाढवलाय, चेअरमन द्यायला तयार नाही, आणि या दोघांच्या भांडणात आम्ही शेपटावरचे मरणार. तसंही मशीन इथवर येतं कुठे? शेवटचा तुकडा दर वर्षी तसाच सोडतं."

पाटकरी पाटात उतरला. वर वाळलेल्या गाळाच्या पापुद्र्यांच्या चिरा होत्या. टाचेने दाबलं की खाली काळं, ओलं, लोण्यासारखं. एकवीस वर्षं तो या पाटावर चालत होता. साडेतीन किलोमीटर. कुठे किती गाळ बसतो हे त्याला आपल्या घरातल्या खड्ड्यांसारखं ठाऊक होतं. त्याने हातानेच मोजायला सुरुवात केली.

संध्याकाळी तो चेअरमनपुढे उभा होता.

"मशीनवाल्याचा जुना भाव मला द्या. पाट मी साफ करून देतो."

"तू? एकटा?"

"माणसं आणतो. जो पैसा मिळेल तो वर्गाला."

चेअरमन हसला नाही, हे विशेष. टेबलावरचे पाय त्याने खाली घेतले. "पाणी बाराव्या दिवशी सकाळी आठला सुटणार. वरून सुटतं, माझ्या हातात नाही. शेपटापर्यंत साफ असेल तर पूर्ण पैसे. एक हात जरी राहिला तर छदाम नाही. आणि गेट तूच उघडायचंस, वेळेवर. ते तुझं काम आहे."

"मंजूर."

"पैसे परत केलेस ते बरं नाही केलंस," चेअरमन मागून म्हणाला. "माझी शोभा झाली."

"माझी आधी झाली, साहेब."

मग तो पुन्हा त्याच दारांवर गेला.

"परवा पैसे परत दिलेस," दुकानदार म्हणाला, "आज काय मागायला आलास?"

"एक दिवस."

"काय?"

"एक दिवस द्या. पाटावर. फावडं तुमचं, जेवण तुमचं. दिवसाची मजुरी वर्गाची."

"तुझं नक्की काय चाललंय रे?"

पाटकऱ्याने समजावून सांगितलं. वर्गात काय चालतं तेही सांगितलं. स्टेजवर सांगता आलं नव्हतं ते. पेल्याच्या चित्राचं सांगितलं. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की दुकानदार वजनाचं माप हातात धरून तसाच थांबलाय. तरी तो "बघू" एवढंच म्हणाला. सगळेच "बघू" म्हणाले.

पहिल्या दिवशी चौघं आली. पाटकरी, त्याची बायको, जुळ्यांचा बाप आणि कडूकाकी. ही काकी कोणाचीच काकी नव्हती. सत्तरीची, एकटी राहणारी, दुसऱ्यांच्या शेतांत राबून हाडं कडक झालेली बाई. जिभेवरून तिला हे नाव पडलं होतं. तिला कोणी बोलावलंही नव्हतं.

"तू कशाला आलीस, काकी?" जुळ्यांच्या बापाने विचारलं.

"तुला फावडं धरता येतं का ते बघायला," ती म्हणाली. "नाही येत. अंगठा आत घे, नाही तर दुपारपर्यंत सालटं निघेल."

सालटं निघालं. पान्याची सवय असलेला तो हात, पण फावड्याचा दांडा वेगळ्याच ठिकाणी घासतो. पाटकऱ्याची बायको विळ्याने पाणकणीस कापायची, पाटकरी मुळांखाली पहार घालून कुल्ले टेकून रेटायचा, मूळ कुरकुरत सुटायचं आणि त्याबरोबर परातीएवढा गाळ. काकी घमेली भरून काठावर फेकायची. ऊन डोक्यावर आल्यावर गाळाला कुजलेल्या अंड्यासारखा वास सुटला. संध्याकाळी मागे वळून पाहिलं तर शंभर पावलंही झाली नव्हती. जुळ्यांच्या बापाने हिशेब केला आणि मोठ्याने सांगितला नाही.

भिंगरी बरोबरच असायची. तिला घरी ठेवण्यात अर्थ नव्हता, आजीच्याने ती आवरत नसे. रस्त्याखालच्या मोरीशी सावली होती. तिथे ती कोरड्या पाटात गोगलगायींचे रिकामे शंख मांडत बसायची, नाही तर फिरत राहायची, गोल गोल. कपाळावरचं टेंगूळ पिवळं पडत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सातजण. शेपटावरचा शेतकरी दोन मुलींना घेऊन आला. तिसऱ्या दिवशी पाचच. चौथ्या दिवशी दुकानदार आला, कोरे हातमोजे घालून. काकीने हातमोज्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "लग्नाला चाललास की काय?" तरी तो दिवसभर राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः न येता आपल्या दोन्ही भावांना पाठवलं. पाचव्या दिवशी गावात बोलणं सुरू झालं: कोण गेलं, कोण नाही. मग माणसं वाढली. काही कौतुकाने आली, काही कुरकुरत, काहींना बायकोने हाकललं. सभेत रडलेली बाई आली आणि कोणाशी न बोलता घमेली वाहत राहिली.

माणसं आली तसा गोंगाट आला. जेवणाची सुट्टी झाली की कामाला आलेला एक गवंडी शिट्टी मारायचा, दोन बोटं तोंडात घालून. पहिल्या शिट्टीला भिंगरी कान दाबून मोरीच्या नळीत शिरली. तिला बाहेर काढायला आईला पोटावर सरपटत जावं लागलं.

"शिट्टी बंद," कडूकाकी गवंड्याला म्हणाली.

"मग सुट्टी झाली हे शेवटपर्यंत कळणार कसं?"

काकीने डोक्याचं फडकं सोडलं, फावड्याच्या दांड्याला बांधलं आणि उंच धरलं. "असं. डोळे आहेत ना?"

तेव्हापासून फडकं वर गेलं की सुट्टी. मोरीजवळ आल्यावर लोक आपोआप हळू बोलायला लागले. घमेली आपटायचं थांबलं. कोणी ठरवून दिलं नव्हतं. गवंडी तर एकदा मोरीपाशी शिंकला आणि दचकून स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून उभा राहिला, तेव्हा अख्खा पाट आवाज न करता हसला.

सहाव्या दिवशी दुपारी काकी मोरीच्या सावलीत टेकली होती. भिंगरी फिरायची थांबली. गळ्यातली पिशवी तिने चाचपली, एक चौकोनी तुकडा काढला आणि काकीच्या मातकट तळहातावर ठेवला. तशीच उभी राहिली, नजर भलतीकडे.

"हे काय दिलंय हिने?" काकीने विचारलं.

वर काठावर पाटकऱ्याच्या बायकोच्या हातून विळा पडला. "पाणी!" ती म्हणाली. "पाणी मागतेय. काकी, पाणी द्या तिला!"

काकीने आपला तांब्या पुढे केला. भिंगरी दोन्ही हातांनी धरून गटागटा प्यायली, हनुवटीवरून ओघळ गेले, मग तिने तांब्या परत दिला, चित्र परत घेतलं आणि पिशवीत ठेवलं. पाटकरी थोड्या अंतरावर गाळात गुडघाभर उभा होता. त्याने हे सगळं पाहिलं आणि पहारीवर कपाळ टेकलं.

काकी त्यानंतर बराच वेळ उठली नाही. त्या दिवशी ती कोणालाही टाकून बोलली नाही, म्हणून लोकांना वाटलं तिला ऊन लागलं.

आठव्या दिवशी मोरी आडवी आली. रस्त्याखालची नळी तोंडापाशी मोकळी होती, पण आत मुळांनी, पिशव्यांनी, एका कुजलेल्या गादीने गच्च भरली होती. मशीनने ती कधी साफ केलीच नव्हती. जुळ्यांचा बाप सगळ्यांत बारीक, म्हणून कमरेला दोर बांधून तो आत गेला. बाहेर फक्त त्याची चपटी पावलं दिसायची. आतून तो हाताने ओरबाडून मागे ढकलायचा, बाहेरचे ओढून घ्यायचे. दीड दिवस गेला. गादी निघाली तेव्हा त्याला ओकारी झाली. तोंड धुऊन आला आणि पाटकऱ्याजवळ बसला.

"नसती नेली," तो म्हणाला.

"काय?"

"स्टेजवर. त्या दिवशी उगाच बोललो."

मोरीने दीड दिवस खाल्ला आणि तोच शेवटी नडला. अकराव्या संध्याकाळी चाळीस माणसं पाटात होती, आणि तरी शेपटाचा अडीचशे पावलांचा तुकडा राहिला. सगळ्यांत जाड गाळाचा. हात उचलत नव्हते. अंधार पडायला लागला तेव्हा शेतकरी म्हणाला, "तू गेट दोन तास उशिरा उघड. कोण बघतंय?"

सगळ्यांनी पाटकऱ्याकडे पाहिलं. त्याच्या मनात तेच आलं नव्हतं असं नाही.

"मी आठला उघडणार," तो म्हणाला. "पण पाणी काय रेल्वे नाही. कोरडी जमीन पीत पीत येतं. इथे पोचायला अकरा वाजतील. तुम्ही उजाडताच सुरू करा. पाणी आणि तुम्ही. कोण आधी ते बघू."

बाराव्या दिवशी सकाळी चेअरमन घड्याळ बघत गेटवर उभा होता. पाटकऱ्याने आठला चाकाला हात घातला. लोखंड कण्हलं, गेटचं पातं वर सरकलं, पाणी आधी जिभेसारखं बाहेर आलं आणि मग धावलं. त्याने सायकल काढली आणि काठाच्या वाटेने पाण्याच्या बरोबरीने निघाला.

पुढे पुढे फेस, काटक्या, वाळलेली पानं, आणि मागे तांबूस पाणी. साफ केलेल्या तळावर ते त्याच्या अंदाजापेक्षा भराभर चाललं होतं. हे त्याच्या ध्यानात आलंच नव्हतं: दर वर्षी पाणी सावकाश जायचं ते गाळामुळे. पाट सगळ्यांनी इतका स्वच्छ केला होता की आता पाण्याला अडवायला काही नव्हतं. तो पेडलवर उभा राहिला.

मोरीशी त्याने पाण्याला मागे टाकलं. शेपटाला पोचला तेव्हा सव्वानऊ वाजले होते आणि तीस पावलं बाकी होती.

"पाणी येतंय!" तो धापा टाकत म्हणाला. "अर्धा तास. कदाचित तेवढाही नाही."

फावडी नुसती वर-खाली झाली. घमेल्यांची रांग मोडली, लोक हातांनीच गाळ उचलून काठावर फेकायला लागले. बाई शहराच्या पहिल्या बसने आल्या होत्या; त्यांनी चपला काठावर ठेवल्या आणि उतरल्या. पाटकऱ्याने पहार घेतली. वीस पावलं. दहा. कोणीतरी कण्हत होतं, कोण ते कळत नव्हतं. मग वळणावर तो फेस दिसला, वेडावाकडा, घाई नसल्यासारखा चालत येणारा.

"वर या!" शेतकरी म्हणाला. "सगळे वर या!"

लोक काठावर चढले, एकमेकांना ओढत. कडूकाकी तेवढी खाली होती. शेवटचं एक बुंध्याएवढं मूळ राहिलं होतं. ती त्यावर कुदळ घालत होती, आणि प्रत्येक घावाला तिच्या तोंडून 'हं' असा आवाज निघत होता. पाटकऱ्याने पुन्हा उडी मारली. दोघांनी मिळून रेटलं. मूळ सुटलं ते काकीला घेऊनच आडवं झालं, आणि त्याच क्षणी पाणी दोघांच्या घोट्यांना लागलं, थंडगार. ते त्यांच्या पायांमधून पुढे गेलं आणि शेतकऱ्याच्या शेतात नेणाऱ्या चारीत वळलं. चारीशी पोचलेलं पाणी त्या शेतकऱ्याने सहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

चेअरमन जीपमधून आला, टोकापर्यंत चालत गेला, काठीने तळ टोचून पाहिला. काठी खालच्या दगडावर वाजली. त्याला काही खोट काढायची होती, पण चाळीस माणसं गाळाने माखून त्याच्याकडे बघत होती.

"पूर्ण पैसे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "माझा दिवस राहिला. त्याचं काय करायचं?"

"पुढच्या वर्षी द्या," पाटकरी म्हणाला.

बाईंनी तिथेच बसून आकडा जमवला. पूर्ण वर्षाचं होत नव्हतं, नऊ महिन्यांचं होत होतं. "उरलेल्या तीन महिन्यांचं बघू," त्या म्हणाल्या, आणि या वेळी तो 'बघू' वेगळा ऐकू आला. लोक हात-पाय धुऊन पांगायला लागले.

काकी काठावर पाय पाण्यात सोडून बसली होती. बाई तिथून जाताना तिने त्यांना हाताने खूण केली.

"मला एक धाकटी बहीण होती," काकी म्हणाली. तिने पाण्याकडे बघतच सांगितलं. "अशीच. फिरायची नाही, डुलायची. आईबाप कामाला जायचे. मी दहाची, ती सहाची. ती पळून जाऊ नये म्हणून तिला खांबाला बांधून ठेवायचं काम माझं होतं. गाठ मी मारायचे. दिवसभर ओरडायची. मी कानांत बोळे घालून भांडी घासायचे. बाराव्या वर्षी गेली, तापाने."

बाई तिच्याशेजारी बसल्या. पाटकरी सायकल धरून उभा होता.

"गाठ घट्ट होती म्हणून ओरडायची," काकीने विचारलं, "की दुसरंच काही मागत होती? तहान-बिहान?"

"मी तिला पाहिलेलं नाही, काकी," त्या म्हणाल्या. "मला नाही सांगता येणार."

"पाहिलं असतंत तर आलं असतं?"

"एकदम नाही. पण हळूहळू, हो. आलं असतं."

काकीने मान हलवली. पाण्यात पाय हलवून तिने बोटांमधला काळा गाळ सोडवला. एक पाय झाला, मग दुसरा.

"बरं झालं, खोटा धीर दिला नाहीत," ती म्हणाली. मग उठता उठता, जणू फावड्याचा भाव विचारावा तशा आवाजात, "मंगळवारी वर्ग किती वाजता उघडता?"

"दहा वाजता."

मंगळवारी बाई साडेनऊच्या बसने उतरल्या, तेव्हा काकी धुतलेलं फडकं डोक्याला बांधून खोलीच्या पायरीवर बसलेली होती.